शेवटचा कुठाय?

मान वर-खाली हलवली, म्हणजे ती हो म्हणाली की नाही?

हे मी डॉक्टरांना विचारलं, नर्सबाईंना विचारलं, पाद्रीबाबांना विचारलं. आईला एकदाच विचारलं, तिचा चेहरा पाहिला आणि पुन्हा नाही विचारलं. आमच्या प्लोवदिव शहरात कुठल्याही पोराला विचाराल तर तो हसेल. मान आडवी हलवली की हो, वर-खाली केली की नाही, यात विचारायचं काय? पण बाकीच्या जगात हे बरोबर उलटं असतं. ते मला शाळेत नाही कळलं, शाळेत मी फारसा टिकलोच नाही. ते मला विहरामुळे कळलं.

विहरा माझी मोठी बहीण. मी तिला काको म्हणायचो, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. परदेशी पाहुण्यांना शहरातल्या सगळ्यात चांगल्या गल्ल्या पायी फिरून दाखवायच्या, हे तिचं काम. वर्षानुवर्षं त्या लोकांशी बोलून तिची मान बिघडली होती. कामावर ती त्यांच्यासारखी मान हलवायची, घरी आमच्यासारखी, आणि दमली की दोन्हीची भेसळ. जेवताना आई विचारायची, अजून वाढू का, आणि हिची मान भलतीकडेच जायची. आई म्हणायची, "तोंडाने सांग गं बाई. तुझ्या मानेवर माझा विश्वास नाही."

दवाखान्यात तिच्या तोंडात नळी होती. ताप छातीत उतरला होता. मी टायरच्या दुकानातून तसाच काळ्या हातांनी गेलो. नर्सबाई म्हणाल्या, दोनच मिनिटं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी विचारलं, "काको, भीती वाटतेय का?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान वर-खाली केली. दोनदा. सावकाश.

मग मला बाहेर काढलं. उजाडायच्या आत ती गेली.

आमच्या मानेने ती नाही म्हणाली होती. त्यांच्या मानेने हो. त्या दोन्हींच्या मध्ये मी कितीतरी दिवस उभा होतो, आणि जे सांगणार आहे ते घडलं त्या दुपारीही तिथेच उभा होतो.

ती गेल्याला चाळिसावा दिवस होता. सकाळी आम्ही कबरीवर गेलो. धुकं इतकं की शेजारच्या कबरीवरचा क्रूससुद्धा दिसत नव्हता. मारित्सा नदीवरून हे धुकं येतं आणि हिवाळ्यात आठ आठ दिवस हलत नाही. कोळशाच्या धुराचा वास त्याच्यात मुरलेला असतो. आईने उकडलेला गहू आणला होता, वर पिठीसाखर आणि अक्रोडाचा चुरा, कागदी पेल्यांमध्ये भरलेला. आलेल्या प्रत्येकाच्या हातात एकेक पेला दिला. ज्याने त्याने "देव तिला क्षमा करो" म्हटलं आणि खाल्लं. पाद्रीबाबांनी मातीवर वाईन ओतली. मातीने ती लगेच पिऊन टाकली.

मला त्या जागी उभं राहवत नव्हतं, आणि त्याला कारण ती घंटा. आमच्या आजोबांच्या मेंढीच्या गळ्यातली पितळी घंटा, विहरा ती आपल्या पिशवीच्या पट्ट्याला बांधायची. तिचं एक मत होतं. चांगली गल्ली कुठली? घरं रंगवलेली असोत नसोत, जिथे दोघांना शेजारी शेजारी चालता येत नाही, एकाला पुढे व्हावं लागतं आणि मग त्या पुढच्याला मागच्यासाठी थांबावं लागतं, ती चांगली. "रुंद रस्त्यावर कोणी कोणासाठी थांबत नाही," ती म्हणायची. प्रत्येक वळणावर ती घंटा वाजवायची आणि विचारायची, "शेवटचा कुठाय?" रांगेतला शेवटचा माणूस "येतोय" म्हणाला की मगच पुढचं पाऊल. परदेशी लोकांना हे दोन शब्द ती आमच्याच भाषेत शिकवायची. त्यांना मजा वाटायची. त्यांना काय ठाऊक, तो प्रश्न मुळात माझ्यासाठी होता. लहानपणी शेवटचा नेहमी मीच. मांजर दिसलं, थांबलो. उघडं बॉनेट दिसलं, थांबलो. ती पुढे जाऊन वळणावर उभी राहायची, मी "येतोय" म्हणेपर्यंत.

ती घंटा मी तिच्या शवपेटीत ठेवली होती. मीच हट्ट केला. पण पेटी खांद्यावर घेऊन चालायला लागलो आणि आतून घंटा वाजायला लागली. आमच्या पावलाबरोबर. आईने ते ऐकलं आणि ती वाटेतच खाली बसली. तेव्हा मी पेटी थांबवली, खिशातलं दुकानातलं फडकं काढलं, निळ्या चौकटींचं, ग्रीस आणि रबराच्या वासाचं, आणि घंटेच्या लोलकाला घट्ट गुंडाळून गाठ मारली. टायरवाल्याची गाठ, ओढाल तितकी आवळते. मग झाकण लागलं. नंतर कितीतरी वेळा वाटलं, मी तिचं तोंडच बांधून पाठवलं.

कबरीवरून घरी आल्यावर आईने मला कागदांचा गठ्ठा दिला. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो आणि चार ओळी छापून दारावर, बसथांब्यावर, झाडाच्या बुंध्यावर चिकटवतात. चाळिसाव्याला पुन्हा नवा कागद. फोटो मावसभावाच्या लग्नातला होता. ती खळखळून हसत होती, माझ्याकडे बघून. मला कापून टाकलं होतं, पण कडेला माझा कान राहिला होता.

आई म्हणाली, इमारतीच्या दारावर लाव, थांब्यावर लाव, चर्चपाशी लाव आणि घरी ये. मग माझी बाही धरून म्हणाली, "आज तिला हाक मारायची नाही. इतके दिवस ती जिथे जिथे चालली तिथे फिरत असते. आज निघायचंय तिला. मागून कोणी बोलवलं तर वळते... आणि मग राहून जाते. तुझ्या तोंडाला कडी नाही, म्हणून सांगते."

मी मान आडवी हलवली. हो म्हणालो.

पण बसथांब्यावर कागद लावला, समोर गावात जाणारी बस आली आणि मी चढलो. एका हातात खळीची बादली, दुसऱ्या हातात गठ्ठा, खांद्याला आईने उरलेल्या गव्हाचे पेले भरून दिलेली पिशवी. बस वाटेला लागली तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं की हे कागद आमच्या कळकट जिन्यात का लावायचे? ज्या गल्ल्या तिने जगाला दाखवल्या तिथे लावायचे. मी असाच आहे. आधी चढतो, मग विचार करतो. विहरा म्हणायची, "तुझं नाव भीतीवरून ठेवलं आणि अक्कलही घाबरून पळाली." माझं नाव स्त्राहिल. आमच्या भाषेत स्त्राह म्हणजे भीती. आजीने ठेवलं, भीतीनेच मला घाबरावं म्हणून.

तिची फेरी सुरू व्हायची ती मुख्य रस्त्यावर, जमिनीखालच्या रोमन पायऱ्यांच्या कठड्यापाशी. दुपार होती, पण दुकानांतले दिवे लागलेले, आणि प्रत्येक दिव्याभोवती धुक्याचा कापूस. कठड्याशी दोघं जण उभी होती. म्हातारा, म्हातारी, अंगात एकसारखे हिरवे रेनकोट. दुसरं कोणी नाही.

मी खांबावर खळ फासली आणि पहिला कागद लावला. म्हातारा जवळ आला. त्याने विहराच्या फोटोवर बोट ठेवलं, मग माझ्याकडे केलं आणि हसून काहीतरी विचारलं. त्यांना आमची अक्षरं वाचता येत नव्हती. हसरी बाई, खाली चार ओळी, हातात खळीची बादली घेतलेला पोरगा. त्यांना ती जाहिरात वाटली. आज फेरी आहे ना, एवढंच तो विचारत होता.

मी मान वर-खाली केली. नाही म्हणालो.

दोघांचे चेहरे उजळले. म्हातारीने तर माझा हात हातात घेऊन दाबला, खळीसकट. मी पुढच्या खांबाकडे निघालो तर माझ्यामागे त्यांच्या काठ्या टक-टक वाजायला लागल्या, आणि मग मला कळलं मी काय केलं ते.

वळून सांगता आलं असतं. हातवारे करून, फोटोभोवतीची काळी चौकट दाखवून. पण मला वाटलं, असू दे. आजचा शेवटचा दिवस. तिची शेवटची फेरी मीच काढतो.

कापानाच्या गल्ल्यांत शिरलो. कापाना म्हणजे सापळा, आणि आहेच तसा. एकातून एक फुटणाऱ्या, सगळ्या सारख्या दिसणाऱ्या गल्ल्या. मला इंग्रजी येत नाही, इतिहास तर त्याहून नाही. मी फक्त दाखवत होतो. हा सुताराचा दरवाजा. ही भिंत, हिच्यावर विहराने एकदा पोपट रंगवायला मदत केली आणि तो कोंबडीसारखा झाला. मी आमच्या भाषेत बोलायचो, ते दोघं ऐकायचे. एक कागद लावायचो, पुढे जायचो.

तिथेच मला तो आवाज पहिल्यांदा आला. ठप. मग थोडं थांबून, ठप-ठप. कुठलीतरी खिडकी सैल झाली असेल, असं वाटलं. किंवा पन्हाळीतून पाणी. पण तो आवाज आमच्यापुढे चालत होता. आम्ही वळलो की तोही वळलेला असायचा.

मी पावलं हळू केली. तोही हळू झाला.

मला तो ताल ठाऊक होता. पिशवी डाव्या खांद्याला, डावा पाय पडला की घंटा कमरेवर आपटायची. फक्त ती अशी वाजायची नाही. ती खणखणीत वाजायची. हा आवाज कापडात गुंडाळलेला होता.

मी तोंडावर हात दाबून धरला. हाताला खळीचा आंबूस वास येत होता. हाक मारायची नाही, आईने सांगितलं होतं. मी आतल्या आत काको, काको म्हणत होतो. त्याला हाक म्हणतात की नाही, कोणास ठाऊक.

मागे वळून पाहिलं तर म्हातारा-म्हातारी थांबली होती. मी जिथे थांबलो नव्हतो तिथे. एका लहानशा निळ्या दाराशी. त्या दारात विहरा नेहमी थांबायची, हे मला तेव्हा आठवलं. दोघं माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या थोडं उजवीकडे, माणसाच्या उंचीवर बघत होती, आणि बघता बघता एकदम हसली. कोणी गमतीचं काही सांगितल्यावर हसतात तशी. म्हातारीने काहीतरी विचारलं, थांबली, ऐकून घेतलं आणि समजलं, समजलं अशा अर्थाने हात हलवला.

माझ्या उजवीकडे धुकं होतं. दुसरं काही नव्हतं.

पळून जावं असं वाटलं, खरं सांगतो. पण मी दुसरंच काहीतरी केलं. पिशवीतून गव्हाचे पेले काढून त्यांच्यापुढे धरले. चाळिसाव्याला अनोळखी माणसाने खाल्लं तर चांगलं असतं. म्हाताऱ्याने एक घेतला. म्हातारीने दोन घेतले, एक स्वतःला, आणि दुसरा तिने बाजूला धरला, अदबीने, कोणीतरी घ्यावा म्हणून. मी खाली बघितलं. दगडांकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने मान वर केली तेव्हा म्हातारीच्या हातात तीन रिकामे पेले एकात एक घातलेले होते.

साबोर्ना रस्त्याने चढ लागला. तिथून जुनं गाव सुरू होतं. पायाखाली कलिंगडाएवढे गुळगुळीत दगड, ओले. दोन्ही बाजूंनी घरं, त्यांचे वरचे मजले पुढे झुकलेले, इतके की समोरासमोरच्या खिडक्यांतून मीठ-साखर देता यावी. धुक्यात त्या घरांचे रंग विझून गेले होते. ओल्या लाकडाचा वास येत होता. पुढे आवाज चालतच होता. ठप. ठप-ठप.

म्हाताऱ्याला धाप लागली म्हणून तो एका पायरीवर बसला. त्याने खिशातून फोन काढला, त्यात काहीतरी बोलला आणि फोन माझ्यापुढे धरला. आतून एक बाई आमच्या भाषेत बोलली. सपाट आवाज, कुठलाच सूर नसलेला.

"तुमची सहकारी खूप छान समजावून सांगते. माझ्या बायकोला विचारायचं आहे, तुम्ही का रडता."

मी गालाला हात लावला. खरंच ओला होता. धुक्याने असेल म्हटलं.

मी फोनवर वाकलो. "कोण सहकारी?" एवढंच विचारलं.

फोनने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हातारा माझ्याकडे नवलाने बघत राहिला. मग त्याने काठीने पुढची गल्ली दाखवली आणि फोनमधली बाई म्हणाली, "जी पुढे चालते ती. ती आमच्यासाठी थांबली आहे."

आवाज थांबलेला होता. खरंच थांबलेला होता.

त्या गल्लीच्या तोंडाशी गढीचा जुना दरवाजा आहे, दगडी कमान, आणि कमानीखालून दोन माणसं शेजारी शेजारी जाऊ शकत नाहीत. तिची सगळ्यात आवडती जागा. मी कमानीच्या दगडाला कागद लावला. तो वाकडा बसला. विहरा हसत होती, माझा कान कडेला. मला एकदम वाटलं, मी आत्ता, या मिनिटाला, विचारू शकतो. ती दहा पावलांवर आहे. उद्या नसेल. आज विचारलं नाही तर मी म्हातारा होईन, मरेन, आणि मला कळणार नाही की ती त्या खोलीत घाबरलेली होती का.

आणि विचारलं तर ती वळेल.

कमानीखालून पुढे झालो. आधी आवाज, मग मी, मग ते दोघं. एकामागोमाग. आत थंडी वेगळी होती, तळघरासारखी, आणि मातीचा वास होता. ओल्या, नुकत्या उकरलेल्या मातीचा. तिथे सगळा दगड आहे. माती कुठेच नाही.

फेरी संपते ती नेबेत टेकडीवर. वर पडक्या भिंती आहेत आणि पलीकडे कडा. खाली नदी, पण त्या दिवशी काही दिसत नव्हतं, पांढरा रिकामेपणा फक्त. इथे ती शेवटी मानेचा खेळ घ्यायची. आमचं हो कसं, आमचं नाही कसं, ते शिकवायची आणि मग सगळ्यांना विचारायची, दमलात का? सगळ्यांच्या माना चुकायच्या. सगळे हसायचे.

म्हातारा-म्हातारी भिंतीपाशी उभी राहिली, धुक्याकडे तोंड करून. कोणीतरी त्यांना विचारलं असावं. कारण दोघांनी एकदम माना हलवल्या, एकाने आडवी, एकीने वर-खाली, एकमेकांकडे पाहिलं आणि दोघं खुदकन हसली.

मी लांब उभा होतो, हातात बादली. शेवटचा एक कागद उरला होता.

मग म्हातारीने हात पुढे केला, तळवा वर. तिच्या तळव्याला काहीतरी वजन आल्यासारखा तो थोडा खाली गेला. ती माझ्याकडे चालत आली. तिने माझी बोटं उघडली, त्यांत काहीतरी ठेवलं आणि आजी मिटवते तशी माझी मूठ मिटवली. म्हाताऱ्याने फोन धरला.

"ती म्हणते, हे तुमचं आहे. ती म्हणते, गाठ फार घट्ट होती."

मूठ उघडली. निळ्या चौकटींचं फडकं. रबराचा वास, ग्रीसचा वास, आणि मातीचा. चुरगळलेल्या जागी माझ्या गाठीच्या वळ्या अजून तशाच होत्या.

त्या दोघांनी माझा निरोप घेतला. म्हातारी मला कवेत घेऊन काहीतरी बोलली. मी ऐकलं नाही. त्यांच्या काठ्या टक-टक करत कमानीकडे उतरत गेल्या आणि विरल्या.

तेव्हा घंटा वाजली. स्वच्छ. खणखणीत. लहानपणी वाजायची तशी. कड्याच्या बाजूला, जिथे वाट नाही, तिथून खाली उतरत चालली होती. एक, मग दोन. एक, मग दोन.

ती चालली होती. कोणी काही केलं नसतं तर ती अशीच उतरून गेली असती.

मला राहवलं नाही. मी भिंतीपर्यंत धावलो. बादली कुठे पडली कळलं नाही. तिचं नाव घेतलं नाही मी, तेवढं पाळलं. पण धुक्यात तोंड घालून विचारलं, जेमतेम ऐकू जाईल इतक्या आवाजात.

"त्या दिवशी... भीती वाटत होती का?"

घंटा थांबली.

मी ऐकत राहिलो. वारा नव्हता. खाली नदी असून नदीचा आवाज नव्हता. शहरात एवढी माणसं, एवढ्या मोटारी, काही नव्हतं. फक्त कोणीतरी थांबल्याची ती शांतता. ती मला पाठ होती. वळणापुढे विहरा दिसायची नाही, पण ती उभी आहे हे कळायचं.

उत्तर आलं नाही. त्याऐवजी घंटा एकदाच वाजली. हाताने हलवल्यासारखी, एकच ठोका. वळणावर ती तशीच वाजवायची, आणि त्यानंतर काय विचारायची हे मला कोणी सांगायला नको होतं.

शेवटचा कुठाय?

माझ्या जिभेवर शब्द आला होता. येतोय. सगळं आयुष्य मी त्या प्रश्नाला तेच उत्तर दिलं होतं, न बघता, न विचार करता, मांजराच्या मागून, बॉनेटखालून. भिंत कमरेएवढीच होती. पलीकडे पांढरं होतं आणि अजिबात भयंकर दिसत नव्हतं. एक पाय वर ठेवला की झालं असतं. आणि नुसतं गप्प राहिलो असतो, तर ती तिथेच उभी राहिली असती. मला माहीत आहे तिचं. शेवटच्याचं उत्तर मिळाल्याशिवाय ती पाऊल उचलत नाही. संध्याकाळ झाली असती, चाळिसावा दिवस संपला असता, आणि ती त्या कड्यावर माझी वाट बघत थंडीत उभी राहिली असती.

आई म्हणाली होती, राहून जाते.

मी दात आवळले. जो शब्द बाहेर पडत होता तो गिळला. फडकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. तोंड उघडायचा धीर नव्हता, उघडलं असतं तर तोच शब्द निघाला असता. म्हणून मी धुक्याकडे तोंड केलं, ती जिथे उभी असेल असं वाटलं त्या उंचीवर बघितलं, आणि मान वर-खाली केली.

दोनदा. सावकाश. तिने केली होती तशी.